आश्रिताचा प्राण

धर्माधर्माचे प्रश्न ग्रंथांत जन्म घेतात अशी विद्वानांची समजूत असते. आमचा अनुभव असा की ते बहुधा अंगणातच उपस्थित होतात, आणि ग्रंथ उघडेपर्यंत थांबण्याची सवड देत नाहीत. गेल्या मार्गशीर्षात आमच्या देवळाची जत्रा आटोपली, त्याच्या दुसऱ्या पहाटे एका परतणाऱ्या मोटारीखाली देवळाच्या आवारातले काळे कुत्रे सापडले. त्याला कोणी विकत आणले नव्हते की पाळले नव्हते. आठ-नऊ वर्षांपूर्वी ते पिल्लू म्हणून आले, अग्रशाळेच्या स्वयंपाकघराच्या दारी भात खाऊन वाढले आणि दीपस्तंभाखालची जागा त्याची झाली. पालखी निघाली की ते पुढे चाले आणि सभामंडपाच्या पहिल्या पायरीशी आपण होऊन थांबे. आपली मर्यादा त्याला ठाऊक होती. दुर्दैवाने आमची आम्हाला ठाऊक नव्हती, हे पुढील तीन दिवसांत दिसून आले.

पशुवैद्य आले, त्यांनी तपासले आणि पाठीचा कणा मोडला असून मागचे शरीर निर्जीव झाले आहे, यातून ते उठणार नाही, असे स्पष्ट सांगितले. इंजेक्शन देऊन यातना संपवता येतील, मात्र जबाबदार माणसाची लेखी संमती हवी, असेही ते म्हणाले. जबाबदार माणूस कोण, हे ठरवण्यासाठी समितीची मंडळी अग्रशाळेत जमली. अध्यक्ष म्हणाले, "देवाचे कुत्रे आहे, देवच नेईल." खजिनदारांना देवळाच्या आवारात हत्या नको होती; आवाराबाहेर नेऊन काय ते करा, एवढीच त्यांची सूचना. एका तरुण महाजनाने, पोत्यात घालून बाजाराकडे नेऊन सोडावे, म्हणजे प्रश्नच मिटला, असा तोडगा काढला. शेवटी चिटणीस आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलबाब, कायदो कितें म्हणटा?"

कायदा काय म्हणतो ते आम्ही सांगितले. १८६० च्या दंडसंहितेत कुत्रे मारणे हा कुत्र्याविरुद्धचा अपराध नव्हताच. ती मालकाच्या मालमत्तेची आगळीक होती, आणि तीही जनावराची किंमत दहा रुपये वा अधिक असली तर. हत्ती, घोडा, गाय, बैल यांना किंमतीची अट नव्हती, कुत्र्याला होती. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने ही रुपयांची मोजपट्टी काढून टाकली, हे चांगलेच झाले. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम एक पाऊल पुढे गेला. जनावर जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशी अवस्था असेल, तर त्याचा अंत करण्याची वाट त्याच्या १३ व्या कलमाने मोकळी ठेवली आहे. भटक्या कुत्र्यांविषयीचे २००१ चे नियम असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी कुत्र्यांना वेदनारहित मरण देण्यास मुभा देत. २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नियमांतही ती मुभा आहे. त्या जुन्या नियमांत एक वाक्य असे होते की एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमक्ष मारू नये. सरकारी नियमांच्या रुक्ष पानांत हे वाक्य कोणी घातले असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे.

परंतु कायदा 'करता येईल' एवढेच सांगतो, 'करावे' असे तो सांगत नाही. मंडळींना जे हवे होते ते परवानगीपत्र नव्हतेच. कोणीही हात न लावता ते आपोआप घडावे, अशी त्यांची इच्छा होती. आणि तिला आम्ही सारे अहिंसा म्हणत होतो.

हा वाद नवा नाही. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, तेव्हा गुजरातेत केवढा क्षोभ उसळला! 'यंग इंडिया'तून त्यांनी त्यावर लेखांची मालिकाच लिहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कुत्रे भटके राहते हाच समाजाचा अपराध आहे. भाकरीचा तुकडा फेकून दयेचे समाधान मिळवणारा आणि त्या कुत्र्याची जबाबदारी मात्र न घेणारा माणूस पुण्य जोडत नसतो. पुढे १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमातील एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळू लागले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देववून त्याचा अंत करवला, आणि पुन्हा निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. दोन्ही प्रसंगी त्यांचे सगळेच म्हणणे आम्हाला पटते असे नाही. साठ कुत्र्यांचा प्रश्न आज लस आणि निर्बीजीकरण यांनी सुटू शकतो. गोव्यात मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचल्याने माणसांमधील रेबीज कसा आटोक्यात आला, हे आपण पाहिलेच आहे. ज्याला दुसरा उपाय उपलब्ध आहे त्याने मारण्याचा उपाय योजणे हा आळस होय. वासराची गोष्ट मात्र निराळी. तेथे दुसरा उपाय नव्हता, आणि न मारणे म्हणजे आपले हात स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्याला तळमळत ठेवणे होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. माणूस आपले दुःख सांगतो, जगायचे की नाही हेही सांगू शकतो. कुत्रे सांगत नाही. मग त्याच्या वतीने मरण मागणारे आपण कोण? आमच्या व्यवसायात या प्रश्नाचे विकृत रूप आम्ही पाहिले आहे. घर विकून शहरातल्या सदनिकेत जाणारे एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या, पण धडधाकट कुत्र्याला 'सोडवण्यास' काही कायदेशीर हरकत आहे का, हे विचारण्यास आमच्याकडे आले होते. "त्याला नवी जागा मानवणार नाही हो," असे ते डोळ्यांत पाणी आणून सांगत होते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने अशाच मालकाचा विचार केला आहे. त्याच्या मते, निरुपयोगी झालेल्या इमानी कुत्र्याला गोळी घालणारा मनुष्य कुत्र्याविषयीच्या कर्तव्यात चुकत नाही, कारण कुत्र्याला विवेक नाही. तो स्वतःतील माणुसकीला मात्र इजा करतो. एवढ्या मोठ्या बुद्धीशी वाद घालण्याची आमची पात्रता नाही, तरीही आम्हाला हे अपुरे वाटते. जो बोलू शकत नाही त्याच्याविषयी कर्तव्यच नाही, असे हिंदू कायद्याने कधी मानलेले नाही. देवाचेच घ्या. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात मान्य केले. तिची मालमत्ता असते, तिचे हित असते आणि तिच्या सेवेची व्यवस्था बदलताना तिची इच्छाही विचारात घ्यावी लागते. ती बोलत नाही म्हणून अज्ञान मुलाप्रमाणे तिच्या वतीने पालक उभा राहतो. अग्रशाळेत बसलेली आम्ही मंडळी वर्षानुवर्षे न बोलणाऱ्या देवाच्या वतीने कागदांवर सह्या करीत आलो आहोत, आणि न बोलणाऱ्या कुत्र्याच्या वतीने सही करण्याची वेळ येताच आमची लेखणी अडली!

पालकाला अधिकार असतो, पण त्यावर बंधनही असते: निर्णय आश्रिताच्या हितासाठी हवा, स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. त्या गृहस्थांचे अश्रू खरे असतील, परंतु ते आपली अडचण कुत्र्याच्या नावावर खर्ची टाकीत होते. म्हणून आम्ही त्यांना नाही म्हटले. आणि मोडक्या कण्याच्या कुत्र्याला आणखी चार दिवस 'देवावर' सोडणारे आम्ही, तेही आपलीच सोय पाहत होतो.

महाप्रस्थानिक पर्वातील कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण वकिलाच्या कानाने ऐकली तर तीत एक निराळीच गोष्ट सापडते. इंद्र युधिष्ठिराला सांगतो की कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर कुत्रे पवित्र आहे असा दावा करीत नाही. स्वर्गाचा नियम चुकीचा आहे असेही म्हणत नाही. जो भक्तीने आपल्या आश्रयाला आला त्याचा त्याग आपण करणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. तेव्हा इंद्र उलटतपासणी घेतो: भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडलेस, मग याला का नाही? युधिष्ठिराचे उत्तर असे की, ते मेल्यावर मी पुढे निघालो. जिवंत असता मी त्यांना सोडले नाही. मारण्याविषयी या कथेत अवाक्षर नाही. तिचा रोख सारा सोडून जाण्यावर आहे. पोत्यात घालून बाजाराकडे नेण्याची सूचना कोणत्या कलमाखाली येते हे आम्हाला त्या क्षणी कळले. आणि अध्यक्षांची 'देव नेईल' ही सूचनाही तिच्यापासून फार दूर नव्हती.

त्याच बैठकीत, विषयाला थोडे हलके वळण द्यावे म्हणून असेल, कोणीतरी म्हणाले, "आम्ही इतका विचार तरी करतो. तिकडे नागा लोक खातात ते!" सगळे शहारले. आम्हीही शहारलो. घरी येताना मात्र तो शहारा आम्हाला संशयास्पद वाटू लागला.

नागालँड सरकारने २०२० च्या जुलैमध्ये कुत्र्यांच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. कोहिम्यात परवान्याने तो व्यापार करणारे लोक उच्च न्यायालयात गेले, आणि जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने ती बंदी रद्द केली. असा आदेश काढण्याचा अधिकार मुख्य सचिवांना नाही, आणि हे मांस त्या लोकांच्या स्वीकृत आहाराचा भाग आहे, अशी कारणे न्यायालयाने दिली. निर्णय कायद्याला धरून आहे असे आमचे मत आहे. नीतीचा प्रश्न उरतोच. पण तो विचारण्यापूर्वी आपला शहारा कोठून येतो हे पाहिले पाहिजे. संस्कृतात अस्पृश्यांच्या एका वर्गाला 'श्वपच' म्हणत, म्हणजे कुत्रे शिजवणारा. मनूने त्यांना गावाबाहेर घालवले आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरवले. या शब्दातील तिरस्कार कुत्र्याच्या कणवेतून आलेला नाही. ज्यांनी श्वपचाला दूर ठेवले त्यांनी कुत्र्यालाही दूरच ठेवले. दोघांनाही पायरी चढण्याची बंदी होती. तेव्हा आमच्या अंगावर आलेला काटा ही दया आहे की शिवाशिवीचाच एक जुना अवशेष, याची खात्री आम्हाला देता येत नाही.

व्यासांना हे ठाऊक असावे. शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकुळ झालेला विश्वामित्र रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरण्यास शिरतो. चांडाळ जागा होतो आणि ऋषीला धर्म शिकवतो: हे अभक्ष्य आहे, हे तुम्हाला शोभत नाही. ऋषीचे उत्तर असे की जगलो तर धर्माचरण करता येईल. भीष्म ऋषीचा पक्ष घेतो. पण खाण्यापूर्वी विश्वामित्र विधीने देवांचा भाग काढू लागतो, तोच इंद्र पाऊस पाडतो. मनूनेही आपद्धर्मात विश्वामित्र आणि वामदेव यांचे दाखले दिले आहेत. भूक खरी असेल तर अभक्ष्य भक्ष्य होते, इतके लवचिक आमचे शास्त्र होते. मग केवळ परंपरेने खाणाऱ्याला आपण राक्षस का म्हणावे?

याचा अर्थ आम्हाला त्यात काहीच गैर दिसत नाही असा नव्हे. तोंड करकचून बांधून, पोत्यात कोंबून दूरच्या बाजारात नेलेले कुत्रे हे क्रौर्य आहे, कोणाचाही आहार कोणताही असो. तसेच ज्याला हाताने वाढवले, हाक मारली की जो आला, त्याला त्याच हाकेने बोलावून कापणे यात विश्वासघात आहे असे आम्हाला वाटते. पण हे लिहिता लिहिता लेखणी अडखळते. आमच्या शेजाऱ्याचा बोकडही हाकेला येत होता. आठवड्याच्या बाजारात पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्यांकडे पाहून आमच्यापैकी किती जण शहारतात? आमच्या घरी मासळी शिजते. माशाला आम्ही आश्रय दिलेला नसतो, ही सबब आम्हाला ताबडतोब सुचली, आणि ती किती वेळेवर सुचली हेही लक्षात आले. असो.

तिसऱ्या दिवशी अग्रशाळेत भांडी घासणारी वृद्ध बाई आमच्या दारी आली. तिला ना गांधीजी ठाऊक, ना युधिष्ठिराचा युक्तिवाद. "ताका अशें तळमळत दवरप बरें न्हय," एवढेच ती म्हणाली. आम्ही पशुवैद्यांना बोलावले आणि संमतीपत्रावर 'पालक' या शब्दापुढे सही केली. आवारातली दुसरी दोन कुत्री मागच्या पडवीत बांधून ठेवली. बाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. पहिल्या इंजेक्शनने ते झोपले, दुसऱ्याने गेले. सारे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील. तीन दिवस आम्ही ज्याला भीत होतो ते एवढेच होते.

पुढच्या बैठकीत चिटणिसांनी इतिवृत्त वाचले. त्यात 'आवारातील कुत्र्याचे निधन झाले' असे वाक्य होते. आम्ही ते बदलून 'तीन दिवसांच्या विलंबानंतर, संमती देऊन, त्यास मारण्यात आले' असे लिहिण्याची सूचना केली. अध्यक्षांना ते देवळाच्या वहीत बरे दिसत नाही. दुरुस्ती अद्याप मंजूर झालेली नाही.