बटण दाबल्यानंतर

‘लॅपटॉप सुरू होत नाही,’ एवढं सांगून लोक थांबतात. दुरुस्तीची सुरुवात त्याच्या पुढच्या प्रश्नापासून होते. बटण दाबल्यावर दिवा लागतो का? पंखा क्षणभर तरी फिरतो का? या धंद्यातली माणसं तिथेच दोन वाटा वेगळ्या करतात, ‘नो पॉवर’ आणि ‘नो डिस्प्ले’. दुसऱ्या वाटेवरचं यंत्र चालू असतं, फक्त दिसत नसतं. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च धरला आणि चित्राची फिकट छाया दिसली, तर गेलाय तो फक्त पडद्यामागचा उजेड. एवढंही न पाहता भंगारात घातलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मावशींचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला तो पहिल्या वाटेवरचा. दिवा नाही, पंखा नाही. माहेरच्या गावातल्या बायकांकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या, त्यामुळे बाकी काही बघण्याआधी मी हार्ड डिस्क काढली आणि यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून माझ्या कॉम्प्युटरला जोडली. ओव्या जागच्या जागी होत्या. लगेच मावशींना फोन केला. यंत्र बंद पडणं वेगळं आणि त्यातला मजकूर जाणं वेगळं. धास्तावलेल्या माणसाला हे सगळ्यात आधी कळायला हवं. अलीकडच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डवरच पक्कं जोडलेलं असतं, तिथे ही वाट बंद होते. चार ग्रॅम वजन वाचवण्यासाठी ही किंमत मला जास्त वाटते.

मग बाहेरून आत यायचं. सॉकेट, वायर, चार्जर. चार्जरवर १९.५ व्होल्ट छापलेले होते, मल्टिमीटरवर तेवढेच दिसले. पण मोकळ्या पिनवर बरोबर दिसणारा व्होल्टेज भार पडल्यावर कोसळू शकतो, म्हणून तसाच दुसरा चार्जर लावून पाहिला. फरक पडला नाही. बॅटरी मात्र फुगलेली होती. लिथियम-आयन सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन आत वायू साठतो, त्याची ती फूग. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जही करायची नाही. ती काढली, चार्जर बाजूला केला आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरलं.

हा उपाय ऐकणाऱ्याला तोडग्यासारखा वाटतो, पण त्याला कारण आहे. घरातल्या पंख्याचं बटण वीज जोडतं किंवा तोडतं. लॅपटॉपचं बटण फक्त विनंती करतं. ती ऐकणारी चिप म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर; बाजारात तिला ‘आयओ’ म्हणतात. चार्जर किंवा बॅटरी जोडलेली असली की यंत्र बंद असतानाही ती ३.३ व्होल्टवर जागी असते. बटण दाबलं की ती ठरलेल्या क्रमाने एकेक व्होल्टेज उठवू लागते, आणि प्रोसेसरला लागणारा, एका व्होल्टच्या आसपासचा व्होल्टेज अगदी शेवटाकडे येतो. मागची पायरी ठीक आहे असा सिग्नल आला तरच पुढची. विजेच्या एखाद्या झटक्याने ही चिप भलत्याच अवस्थेत अडकली असेल, तर कपॅसिटरमधला उरलासुरला चार्ज संपल्यावर ती पहिल्यापासून कामाला लागते.

हे समजल्यापासून बंद लॅपटॉपकडे मी निराळ्या नजरेने बघते. तो कुठल्या तरी एका पायरीवर थांबलेला असतो, आणि पुष्कळदा योग्य कारणासाठी थांबलेला असतो. पुढे शॉर्ट असेल तर वीज पुढे सोडायची नाही, हे त्याला शिकवलेलंच आहे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबून काही साधत नाही. त्याने काय पाहून पाऊल मागे घेतलं, ते शोधायला हवं.

मावशींचा लॅपटॉप त्यातलाच निघाला. रॅमचे कॉन्टॅक्ट खोडरबराने साफ करून ती पुन्हा बसवली, तरी तो हलला नाही. तेव्हा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. दुकानातल्या मुलाने डीसी सप्लाय लावला, करंटचा आकडा पाहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, बोर्ड गेलेला नाही. थ्री-फाइव्हचा सेक्शन शॉर्ट आहे.’’ म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्ट तयार करणारा भाग. मग त्याने त्या भागात अगदी कमी व्होल्टेज सोडला आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. सगळा भाग ओला होता, एकच ठिपका भराभर सुकला. मोहरीएवढा सिरॅमिक कपॅसिटर, आतून शॉर्ट होऊन तापलेला. तो काढला आणि तसाच दुसरा बसवला. बटण दाबल्यावर पंख्याची घरघर ऐकू आली, तेव्हा त्याच्याइतकाच आनंद मला झाला.

हाच बोर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये गेला असता तर आख्खा बदलायला सांगितला असता. तिथली पद्धतच ती आहे. या मुलासमोर स्क्रीनवर बोर्डचा नकाशा उघडा होता. कुठला कपॅसिटर कुठल्या लाइनवर, हे त्याशिवाय कळत नाही. असे नकाशे कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत, ते दुरुस्ती करणारे एकमेकांकडून मिळवतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, ते मला आवडलं. पण तपकीर गल्लीतल्या त्या टेबलाला गरज आहे ती सर्किटच्या नकाशाची. विक्री थांबलेल्या मॉडेलचा नकाशा खुला करायला कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉप सध्या चार्जरवर चालतो. फुगलेली बॅटरी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. त्या मॉडेलची मूळ बॅटरी आता येत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या बॅटऱ्यांमधली कुठली भरवशाची, याची चौकशी चालू आहे.