सदतिसावा दाणा

शाहपुरात एक शेतकरी होता. केळीचा बाग राखून होता. त्याचा धाकटा मुलगा मोठा कष्टाळू. एका वर्षी केळीला बरा भाव मिळाला, तसा मुलगा मित्रांबरोबर गोव्याला गेला.

पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी असतात. मुलगा त्यातल्या एकावर चढला. आत खाणंपिणं तिकिटातच होतं. घड्याळ कुठे दिसत नव्हतं. नोटा घेऊन हातात रंगीत चकत्या दिल्या. त्या सरकवताना पैसे जातायत असं वाटेना. तासाभरात तो आठ हजार जिंकला. उजाडलं तेव्हा साठ हजार गेले होते.

परतताना रिक्षावाला म्हणाला, "आम्हा गोंयकारांना २०२० पासून आत जायला बंदी आहे." मुलगा वाटभर त्यावरच विचार करत राहिला.

घरी येऊन त्याने वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "खेळ कसा असतो, समजाव मला."

"चाकावर शून्य ते छत्तीस आकडे, आबा. म्हणजे ३७ घरं. आपल्या घरात गोळी थांबली की एकाला ३५ मिळतात, वर लावलेला एक परत."

आबांनी अंगणात काडीने ३७ घरं आखली. प्रत्येक घरात तुरीचा एक दाणा ठेवला. "सगळी घरं तूच भरली. आता कसा हरशील?"

मुलाने मोजले. त्याच्याकडे ३६ आले. एक आबांच्या हातात राहिला.

"पुन्हा मांड."

एक दाणा कमी पडला. मुलाने घरातून आणला. असे दहा डाव झाले. दर डावाला मुलगाच जिंकला, आणि आबांच्या मुठीत दहा दाणे जमले.

"काट्यावर व्यापारी दांड्याची कटती धरतो, तेव्हा किलोभरासाठी भांडतोस. ही कटती दिसली नाही तुला?"

"पण शेजारचा माणूस जिंकला होता, आबा."

"जिंकला असेल. त्याला पैसे जहाजवाल्याने घरून आणून दिले का रे?"

मुलगा गप्प झाला.

अशा चाकात लबाडी असावीच लागत नाही. ते सरळ फिरलं तरी लावलेल्या शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाकडे राहतात. माणूस जितका जास्त बसेल, तितकी कटती वाढत जाते.

पुढच्या हंगामात मित्र पुन्हा गोव्याचा बेत करायला ओट्यावर जमले. मुलगा आत गेला आणि मूठभर तूर घेऊन आला.