फायरफॉक्सचा नवा रंग आणि जुन्या जालन्याचा संगणक

जुन्या जालन्यात गांधी चमनच्या आसपास ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या दुकानात घटकाभर बसून पाहा. सातबारा, पीक विमा, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीचा अर्ज, लाडक्या बहिणीची केवायसी अशी कामं दिवसभर चालतात, आणि बहुतेक सगळी क्रोममध्ये. ब्राउझर कोणता, हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक ‘गुगलवर टाका’ म्हणतं आणि ऑपरेटरचा हात आपसूक त्या रंगीत चकतीकडे जातो. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने टॅबचे कोपरे गोल केले काय नि चौकोनी ठेवले काय, इथे ते दिसणार कुणाला?

तरीही दर काही वर्षांनी फायरफॉक्सला नवं रूप देऊन गेलेलं राज्य परत मिळवण्याची आशा पुन्हा जागी होते. एप्रिल 2014 मध्ये ‘ऑस्ट्रेलिस’ नावाचं रूप आलं; जुने वापरकर्ते म्हणाले, हा तर क्रोमसारखाच दिसतो. मग क्रोमच का नको? नोव्हेंबर 2017 चं ‘क्वांटम’ मात्र नुसती रंगसफेदी नव्हती. इंजिनाचे काही भाग रस्ट या भाषेत नव्याने लिहिले होते आणि ब्राउझर खरोखर वेगवान झाला होता. पण ज्या जुन्या ॲड-ऑन्ससाठी निष्ठावंत टिकून होते, ती त्याच आवृत्तीत बंद पडली. जून 2021 मध्ये ‘प्रोटॉन’ आलं. एवढं करूनही 2009-10 च्या सुमारास जगाच्या वेब-वापरात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचलेला हा ब्राउझर आज मोबाइल धरून दोन-तीन टक्क्यांवर आहे.

बियाण्यांच्या गावाला याचं नवल वाटू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यातच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि तेव्हापासून इथला शेतकरी बियाण्याच्या पिशव्या पाहतो आहे. पिशवीवरचं चित्र बदललं म्हणून वाण खपत नाही. शेजारच्या वावरात उगवण कशी झाली, हे बघून माणूस पिशवी उचलतो.

फायरफॉक्सची पहिली उगवण अशीच झाली होती. नोव्हेंबर 2004 मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा समोर इंटरनेट एक्सप्लोररची 2001 ची सहावी आवृत्ती होती, आणि मायक्रोसॉफ्टची पुढची आवृत्ती यायला 2006 उजाडलं. त्या पाच वर्षांत पॉप-अप जाहिरातींनी पडदा भरून जायचा, व्हायरस शिरायचे. फायरफॉक्सने पॉप-अप अडवले, टॅब दिले. दिसायला तो साधाच होता.

मराठी माणसाला मात्र त्यातही एक अडसर होता, तो आज विसरला गेला आहे. तेव्हा अनेक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरत, आणि ते पानाबरोबर उतरवण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट चालायची. फायरफॉक्समध्ये बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. ‘पद्म’ नावाचं एक ॲड-ऑन असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. पण ते शोधून बसवणारे किती असणार? पुढे संकेतस्थळंच युनिकोडवर आली आणि अडसर आपोआप निघाला. मराठी वाचकासाठी फायरफॉक्सचं दार उघडलं ते एका सामाईक मानकाने. त्याच्या रूपरंगाचा यात काही संबंध नव्हता.

सरकारी कामातला अडसर आणखी चिवट निघाला. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना कित्येक वर्षं इंटरनेट एक्सप्लोरर, जावा आणि डिजिटल सहीची चावी हे त्रिकूट सांभाळावं लागलं. मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी एक्सप्लोररला निवृत्त केलं. त्याच्या जागी आता एकच वेगळं इंजिन बसलं आहे. ऑपेराने 2013 मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी 2020 मध्ये क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्याच मुक्त कोडचा, आधार घेतला. त्यामुळे पोर्टल बनवणारा क्रोममध्ये तपासतो नि काम झालं असं समजतो. फायरफॉक्समध्ये एखादं बटण दबत नसेल तर दोष फायरफॉक्सच्या माथी जातो.

त्यातून आता वाचन मोबाइलवर गेलं. अँड्रॉइड फोनवर क्रोम आधीच बसवून येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, तो अशाच अटींबद्दल. आणि युरोपचं पाहा: मार्च 2024 पासून तिथे आयफोनवर ब्राउझर निवडायला लावणारा पडदा आला आणि जर्मनी, फ्रान्समध्ये फायरफॉक्सचे वापरकर्ते लक्षणीय वाढल्याचं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं. ब्राउझर तोच होता, फक्त निवड समोर आली होती.

भारताने तर याहून मजेदार उलटापालट पाहिली आहे. ऑगस्ट 2014 मध्ये फायरफॉक्स ओएस ही प्रणाली असलेला इंटेक्सचा फोन 1,999 रुपयांत आला, आणि फार काळ तगला नाही. पण त्याच प्रणालीच्या मुक्त कोडमधून पुढे कायओएस घडली आणि 2017 मध्ये जिओफोनमध्ये बसून गावोगाव पोचली. फायरफॉक्सचं नाव गेलं, त्याचा कोड मात्र खिशाखिशात शिरला.

मग रूप बदलणं निरर्थक का? तसंही नाही. आहेत ते वापरकर्ते कंटाळू नयेत म्हणून घर नीटनेटकं ठेवावंच लागतं. पण परका माणूस येईल तो दुसऱ्या कारणाने, आणि तसं एक कारण फायरफॉक्सकडे आज आहे. मराठी बातमीचं पान साध्या फोनवर उघडलं की बातमी शोधावी लागते, इतक्या जाहिराती तिच्यावर बसलेल्या असतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ॲड-ऑन चालत नाहीत. फायरफॉक्सने डिसेंबर 2023 मध्ये मोबाइलवरही ती मोकळी केली. संगणकावरच्या क्रोमने तर नव्या नियमांखाली जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन बाहेर काढलं. हा फरक डोळ्यांना दिसतो आणि डेटा पॅकलाही कळतो. मोझिलाला तो गाजवून सांगता येत नाही, असा मला संशय आहे, कारण तिची बहुतेक कमाई गुगलला शोधयंत्र म्हणून पुढे ठेवण्याच्या करारातून येते, आणि गुगलची कमाई जाहिरातीतून.

म्हणून माझी भिस्त मोझिलाच्या कॅलिफोर्नियातल्या रचनाकारांवर नाही, पोर्टलच्या तपासणीवर आहे. सरकारी संकेतस्थळं एकाहून अधिक ब्राउझरवर तपासून घ्यावीत, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. राज्याच्या पोर्टलचं बिल मंजूर करताना ती तपासणी खरोखर झाली का, ते एका अधिकाऱ्याने दुसऱ्या इंजिनावर अर्ज भरून पाहावं. मग गांधी चमनच्या दुकानात फायरफॉक्स उघडणाऱ्या ऑपरेटरला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणायची पाळी निदान ब्राउझरमुळे तरी येणार नाही.