मान घराण्याचा, निवड कुणाची?

प्रशांत महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्रात घराण्याच्या प्रमुखाला ‘माताई’ म्हणतात; परंतु माताईची पदवी ती धारण करणाऱ्याच्या मालकीची नसून त्याच्या ‘आइगा’ची, म्हणजे विस्तारित घराण्याची असते. पदवीधारक निवर्तल्यावर ती आपोआप थोरल्या मुलाकडे जात नाही. घराण्यातील माणसे एकत्र बसून रक्तसंबंधाबरोबरच त्या व्यक्तीने केलेली सेवा आणि तिची वागणूक पाहतात, प्रसंगी स्त्रीलाही निवडतात, आणि ‘साओफाई’ या सोहळ्यात पदवी बहाल झाल्यावरच निवडलेल्या व्यक्तीला ‘फोनो’त, म्हणजे गावसभेत, आसन मिळते. मान वंशाने मिळतो की लोकांच्या संमतीने, या प्रश्नाला सामोआने दिलेले उत्तर असे दोन्ही अंगांचे आहे.

मराठी मुलखातील पाटीलकीही अशीच घराण्याची होती. ती वतन, म्हणजे कामाच्या मोबदल्यात मिळालेला वंशपरंपरागत हक्क, असल्यामुळे भावाभावांत वाटली जाई आणि विकलीही जाई; अशा वेळी कागदात केवळ जमिनीचा नव्हे, तर होळीची पोळी, पोळ्याच्या बैलांचा अग्रमान, दसऱ्याची पूजा, विडा आधी कुणाला अशा मानपानाचाही बारकाईने निवाडा होई. वाद पेटल्यास गोतसभा, म्हणजे गावचे व परगण्याचे वतनदार आणि बलुतेदार, साक्षी घेऊन महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, करी, आणि पाटलाची निशाणी म्हणून त्यावर नांगर उमटे. 1874च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने मात्र कोणाला वतनदार म्हणायचे याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरात नेला. मान उरला, पण मान देणाऱ्यांचा अधिकार ओसरला.

चेन्नईलगतच्या चेंगलपट्टू जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. 1763मध्ये अर्काटच्या नवाबाने ईस्ट इंडिया कंपनीला जहागीर म्हणून दिलेल्या या मुलखात मिरासदार, म्हणजे वंशपरंपरागत हक्क असलेल्या, घराण्यांकडे गावचे वाटे होते: जमीन, पडीक रान आणि इतरांच्या पिकावरील हक्क. कंपनीचे अधिकारी एफ. डब्ल्यू. एलिस यांनी 1818मध्ये या हक्कांची तपशीलवार मांडणी केली. पण 1891मध्ये जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर यांनी शासनाला सादर केलेल्या टिपणात, ज्या दलित मजुरांच्या कष्टांवर ही मिरास उभी होती, त्यांना जमीन तर दूरच, राहत्या घराच्या जागेचीही शाश्वती नव्हती, हे स्पष्टपणे नोंदले गेले. महाराष्ट्रातील महार वतनाची गत वेगळी नव्हती. नाव वतनाचे आणि प्रत्यक्षात रात्रंदिवस राबणूक, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928मध्ये 1874च्या त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. घराण्याचा हक्क ज्यांच्यावर चालतो त्यांना निवडीत आवाज नसेल, तर परंपरा ही जुलमाचेच सभ्य नाव ठरते.

स्वातंत्र्यानंतर हे हक्क एकेक करून संपले. परगणा व कुलकर्णी वतने 1950च्या कायद्याने गेली. 1960मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास इलाख्यातील जुन्या कायद्याच्या आधारे गावचे पद वंशाने देणे घटनाविरोधी ठरवले. 1962च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटलाचे पद रद्द झाले. आणि 1980मध्ये तामिळनाडूने कर्णम, म्हणजे आपल्याकडील कुलकर्ण्यासारखा गावचा लेखनिक, आणि मुन्सिफ, म्हणजे गावचा प्रमुख, ही पदे बंद करून गावोगावी नेमलेले शासकीय अधिकारी आणले. योगायोग असा की 1962 हेच सामोआच्या स्वातंत्र्याचे वर्ष. परंतु त्या देशाने माताईंना राज्यघटनेच्या चौकटीत सामावून घेतले. तेथेही सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला तो 1990च्या सार्वमतानंतर, आणि संसदेची निवडणूक लढवण्यासाठी माताईपद आवश्यकच राहिले.

म्हणून सामोआच्या उदाहरणावरून वतने परत आणावीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जपण्याजोगी गोष्ट एकच: मोठेपण जन्माने सुचवले तरी ते माणसांनी मान्य करावे लागते, आणि ज्यांच्यावर ते चालणार त्या सर्वांना ही मान्यता देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार असावा लागतो. गोतसभेत ही जाणीव होती, पण तिचे वर्तुळ जातींच्या उतरंडीने आखलेले होते. 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान देऊन हे वर्तुळ गावातील प्रत्येक मतदारापर्यंत वाढवले आहे. तेव्हा गावच्या मानाचा खरा वारसा आडनावात शोधण्यापेक्षा त्या सभेत हजर राहून जाब विचारण्यात शोधला पाहिजे.