पेटीतला साप आणि बाहेरून आलेली मुंगी

साप आणि मुंगी यांची नावे एका दमात घेण्याची सवय आपल्या भागात जुनी आहे. मराठीत ‘आयत्या बिळावर नागोबा’ असे म्हणतात; कन्नडातही वाळवीने बांधलेल्या हुत्तात साप येऊन राहतो, या अर्थाची म्हण आहे. वारूळ बांधते ती वाळवी, मुंगी नव्हे. पण आपल्या बोलण्यात त्या दोघींची सरमिसळ फार पूर्वीच झाली. वतनाच्या, चाकरीच्या वा व्यापाराच्या निमित्ताने बीदर-कलबुर्गीच्या मुलखात येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या घराण्यांनी ही म्हण जरा जपूनच उच्चारावी, हा भाग निराळा.

म्हणीतला साप बलवान आणि बांधणारी बापडी असते. काचेच्या पेटीत मात्र हे नाते उलटते. हैदराबाद, पुणे, बेंगळूरु येथे नोकरीनिमित्त गेलेल्या तरुणांपैकी काही जण अलीकडे परदेशी साप पाळू लागले आहेत. आफ्रिकेतील बॉल पायथन हा त्यांतला विशेष लोकप्रिय. देशी साप घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. मांडूळ घरी असला की धन येते असे सांगणारे आपल्याकडेही भेटतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचे नियम 2024 मध्ये झाले. कायद्याचे बोलणे येथे संपते. पाळणाऱ्याचा प्रश्न पुढे सुरू होतो, आणि तो वरवर पाहता अगदी घरगुती आहे: पेटीत मुंग्या शिरल्या, त्या सुरक्षितपणे कशा घालवाव्यात? आम्हांला या वाक्यातील ‘सुरक्षितपणे’ हा शब्द अडवतो. कोणासाठी सुरक्षित?

मुंग्या का येतात हे पाहिले तर त्यांचा काही अपराध दिसत नाही. सापाने न खाल्लेला उंदीर तासन्‌तास पडून राहतो, विष्ठा वेळेवर काढली जात नाही, भांड्यात पाणी असते, तळाशी भुसा असतो आणि पेटी उबदार असते. मुंगीच्या दृष्टीने हे अन्नछत्रच. लाल मुंग्या चिडल्या की चावतात. सापाच्या अंगावर खवल्यांचे चिलखत असले तरी तोंडाच्या कडा, गुदद्वार, जखमेची जागा आणि पोटाकडील सांधे नाजूक असतात. कात टाकण्याच्या सुमारास तर त्याच्या डोळ्यांवर सायही येते. आजारी साप, नुकतीच जन्मलेली पिल्ले आणि अंडी यांना मुंग्यांचा मोठा धोका असतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच अंगणातील कुंड्यांत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा साप मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या खाऊन जगतो. निसर्गात हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालू असतो. शेतातल्या सापाला मुंग्या लागल्या तर तो सरपटत दुसऱ्या बांधाला जातो.

पेटीतल्या सापाला तेवढेच करता येत नाही, आणि आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न या एका ‘येत नाही’मध्ये साठलेला आहे. वाल्मीकींचे नाव ज्या वल्मीकावरून पडले ते वारूळ त्यांच्या अंगावर चढले ते त्यांनी जागा सोडायची नाही असे ठरवले होते म्हणून. त्यांना उठता आले असते. सापाने असा कोणताही संकल्प सोडलेला नसतो. त्याची पळण्याची वाट आपण बंद केली, म्हणून त्याची राखण आपल्याकडे आली. ही राखण दया नव्हे. ते कर्ज आहे, आणि कर्ज फेडताना तिसऱ्याच्या खिशात हात घालू नये, एवढी व्यवहारनीती आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. येथे तो तिसरा म्हणजे मुंगी.

आपल्या परंपरेने हा पेच टाळलेला नाही. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरातच पाच वधस्थाने मोजली: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचे तर जीव मरणार, हे मान्य करून त्याच्या भरपाईसाठी नित्य यज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञात कावळ्या-कुत्र्यांबरोबर कृमिकीटकांचाही घास काढला जातो. जैन विचार याहून काटेकोर. राष्ट्रकूटांची राजधानी असलेले मळखेड कलबुर्गी जिल्ह्यातच आहे, आणि तेथील जैन मठामुळे हा विचार आपल्याला परका नाही. त्यात हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी, म्हणजे ठरवून केलेली, घरकामात घडणारी, चरितार्थात घडणारी आणि स्वसंरक्षणार्थ केलेली. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्यांत मर्यादा. मग पेटीतल्या मुंग्या मारणे कोणत्या खान्यात टाकावे? पाळणारा म्हणेल, विरोधी. मी सापाचे रक्षण करतो आहे. आम्हांला हे पटत नाही. हल्ला करणाऱ्याला आपणच जेवणाचे आमंत्रण दिले आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याला आपणच कोंडले, तर ‘स्वसंरक्षण’ हा शब्द फार स्वस्त होतो. हौस ही काही चूल नव्हे. तिच्यावाचून घर चालते.

कोणी म्हणेल, एका मुंगीपायी केवढा हा शब्दप्रपंच! साप आणि मुंग्या यांतून निवडण्याची वेळ आलीच, पेटीच्या भुशातच वारूळ झाले, तर आम्हीही साप वाचवू. सापाला बाहेर काढून बंद भांड्यात ठेवावे, भुसा टाकून द्यावा, पेटी साबणाने व गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. त्यात मुंग्या मरतील. मात्र याला पुण्य म्हणू नये, एवढेच.

विषाचे काय? आपल्याकडे ओट्यावर ओढतात तो मुंग्यांचा खडू ज्या नावाने घरोघर ओळखला जातो त्यात रामायण आहे. पण रामायणातली रेषा आत असलेल्याच्या रक्षणासाठी होती. या खडूतील कीटकनाशक आत असलेल्यालाही सोडत नाही. साप जिभेने हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपून तोंडातल्या गंधेंद्रियाकडे नेतो. बहुतेक सापांचे एकच फुफ्फुस कामाचे असते, आणि पेटीतली हवा थोडी. फवारा, खडू, डांबराच्या गोळ्या, कापूर यांपैकी काहीही तेथे नको. मुंगीला घातक ते सापालाही घातक, असा हा विलक्षण न्याय आहे.

बसवण्णांनी याच कल्याणच्या भूमीत बाराव्या शतकात दगडाचा नाग आणि जिवंत नाग यांना मिळणाऱ्या दोन वागणुकींवर बोट ठेवले होते. आज त्यात तिसरा नाग जोडावा लागेल: काचेतला. त्याला ना दूध ना काठी. त्याला कौतुक मिळते. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवीत, तेथेही भक्ती आणि कौतुक यांची सीमा पुसट होती. न्यायालयाच्या आदेशाने त्या स्पर्धा आणि मिरवणुका बंद झाल्या. मडके तेच, पण कारण वेगळे, असेही एक उदाहरण आहे. तमिळनाडूतील इरुळांची सहकारी संस्था 1978 पासून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांना काही आठवडे मडक्यात ठेवते, विष काढते आणि पुन्हा सोडून देते. त्या विषापासून बनलेली लस तुरीच्या शेतात दंश झालेल्या माणसाला वाचवते. तेथल्या मडक्यापाशी मुंगी मेली तर ती चरितार्थातल्या हिंसेत मोडेल, असे आम्ही मानू. दिवाणखान्यातल्या पेटीला ही सवलत मागता येत नाही. तिच्या मालकाने अधिक कष्ट घेतले पाहिजेत.

ते कष्ट आपल्या आज्यांना माहीत होते. दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत. मुंगी काठापर्यंत येई, मिशा हलवी आणि परत फिरे. पेटीच्या घडवंचीलाही हेच करावे. पेटी भिंतीला, पडद्याला टेकू देऊ नये, विजेच्या तारेवरून वाट राहू देऊ नये, आणि उरलेला उंदीर त्याच दिवशी काढावा. आत आलेल्या मुंग्यांची रांग ओल्या फडक्याने पुसली की तिचा वास जातो आणि मागच्यांना रस्ता सापडत नाही. वाटीत साबणाचा थेंब टाकावा असेही सांगतात. त्याने पाण्यावरचा ताण मोडतो आणि उतरलेली मुंगी बुडते. आम्ही आधी साधे पाणी ठेवून पाहावे असे म्हणू. मात्र कलबुर्गीच्या वैशाखात वाटीभर पाणी झपाट्याने आटते, आणि त्यात एखादे वाळके पान पडले तरी मुंग्यांना पूल मिळतो. म्हणून सकाळी आणि दिवेलागणीला, दोन्ही वेळा, चारही वाट्या वाकून पाहाव्या लागतात.