ज्येष्ठ नट आणि प्रेक्षकाचे दायित्व

वयोवृद्ध नटाचा प्रयोग प्रत्यक्ष पाहताना प्रेक्षकाने त्याच्या वयाचे काय करावे, हा प्रश्न वरवर आस्वादाचा वाटला तरी मुळात नैतिक आहे. वय ध्यानी घेऊन सूट द्यावी, तर मूल्यनिर्णयाची जागा कृतज्ञता बळकावते. वयाकडे पाठ फिरवावी, तर समोर श्रमणाऱ्या माणसाशी आपण निष्ठुर ठरतो. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद व अलौकिकतावाद यांतील जो ताण विशद केला, तो येथे एकाच देहात मूर्त होतो. थकलेला श्वास नटाचा की पात्राचा, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या. त्यांचे चाहते तेव्हा समोरच्या नटाला पाहत होते की स्मरणातल्या? स्मृती आस्वादाला खोली देते हे खरे. परंतु ती डोळ्यांचीच जागा घेऊ लागली, की नट जिवंतपणीच स्मारक होतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू मला भंडारा जिल्ह्यात दिसली. धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीत मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात. लाखांदूर परिसरातील अशाच एका प्रयोगात सत्तरी ओलांडलेल्या नटाचा आवाज गाण्याच्या वरच्या पट्टीत फाटला. मांडवात कोणी हसले नाही; तसेच, दयेपोटी टाळीही पडली नाही. लोक थांबले. नटाने ऑर्गनवाल्याकडे पाहिले, पट्टी उतरवली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. यावेळी ती म्हाताऱ्या बापाचीच ओळ झाली. मग मात्र ‘वन्स मोअर’ आला.

त्या थांबण्याला मी आदर म्हणतो. आगाऊ टाळी वाजली असती, तर ओळ पुन्हा घेण्याचे कारणच उरले नसते. या रंगभूमीवर प्रॉम्प्टरचा आधार तरुण नटही घेतात. त्यामुळे पाठांतर हा येथे ज्येष्ठत्वाचा निकष होत नाही. हाती आलेल्या शब्दाचे नट काय करतो, एवढेच पाहिले जाते.

झाडीपट्टीतील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे उचितच झाले. परंतु सन्मान आणि दाद या भिन्न गोष्टी आहेत. सन्मान आयुष्यभराच्या कामाचा होतो व तो परत घेतला जात नाही. दाद आजच्या रात्रीची असते आणि ती नाकारता येते, म्हणूनच तिला मोल आहे. पहिलीच्या नावाखाली दुसरी वाटून टाकणे म्हणजे नटाला रंगमंचावरून सन्मानपूर्वक निवृत्त करणे होय.

चित्रफितीतला नट आता चुकू शकत नाही. समोरचा वृद्ध नट अजून चुकू शकतो, आणि म्हणूनच अजून काही नवे घडवूही शकतो. ती शक्यता त्याच्यासाठी खुली ठेवणे, हेच प्रेक्षकाचे दायित्व आहे.