अचेतनातील हेतू

औषधाला न जुमानणारा विषाणू ‘शिकला’, ‘हुशार झाला’ असे सहज म्हटले जाते. परंतु ज्याला मन नाही त्याच्या ठायी हेतू मानता येईल काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना जुनाच आहे. वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध स्रवते, तशीच प्रकृती, म्हणजे अचेतन मूलतत्त्व, पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, प्रवृत्त होते, असे सांख्य दर्शनाचा ग्रंथ सांख्यकारिका मानतो. त्यावर, दुधामागेही सचेतन गाईचे वात्सल्य असते, असा आक्षेप शंकराचार्यांनी घेतला.

एचआयव्हीचे गणिती प्रारूप, म्हणजे विषाणूंची वाढ आणि नाश समीकरणांत मांडणारी रचना, या वादात तिसरी वाट दाखवते. अ‍ॅलन पेरेलसन, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अंदाजानुसार रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे १० अब्ज विषाणू तयार होतात. त्यांच्या जवळजवळ १०,००० अक्षरांच्या जनुकीय मजकुराची नक्कल होताना चुका, म्हणजेच उत्परिवर्तने, घडतच राहतात, आणि लॅमिव्हुडीन या एचआयव्हीविरोधी औषधाला निष्प्रभ करणारा एखादा बदल पहिल्या गोळीपूर्वीच झालेला असू शकतो. औषध तो बदल घडवत नाही, केवळ त्याची निवड करते. तीन औषधांविरुद्धचे बदल एकाच विषाणूत एकदम जुळून येण्याची शक्यता मात्र अत्यल्प असते. म्हणून तिहेरी उपचार टिकतो, आणि गोळ्या चुकत राहिल्या की अपुऱ्या मात्रेत वाढीला वाव मिळून प्रतिरोध बळावतो.

विषाणू हेतूविनाच बदलतो. हेतू असतो तो गोळी देणाऱ्याचा, ती वेळेवर घेणाऱ्याचा आणि ती अखंड पुरवणाऱ्या समाजाचा. म्हणून विषाणूला दोष देणे व्यर्थ आहे. जबाबदारी सचेतनाचीच आहे.